शंभरातले दहा

इद्रीसचाचांचा मला राग येतो. ते वारले त्याला बरीच वर्षं झाली, पण राग काही उतरत नाही. बाणकोटात कुणी "चाचा फार मोठ्या मनाचे होते" असं म्हटलं की माझ्या नाकाला मिरच्या झोंबतात. मोठं मन म्हणे. त्यांच्यापायी दुबईच्या खाडीतला दलदलीचा अख्खा पट्टा रेतीखाली गेला, असं मी आजवर सांगत आलो. ऐकणारे माना डोलावतात. त्यांना अर्धंच माहीत असतं, कारण मी अर्धंच सांगतो. आज पूर्ण सांगतो, मग ज्याला जे म्हणायचं ते म्हणू दे.

१९६५ साली मी दुबईत एका इंग्रज कंपनीच्या ऑफिसात क्लार्क होतो. कंपनीचं काम खाडी खोल करण्याचं. तळातली रेती मशीननं उपसायची आणि कुठेतरी नेऊन टाकायची. आधीच्या उपशाच्या धडधडाटानं खाडीच्या पार आतल्या टोकाची, रास अल खोरची, पाखरं उठून गेली होती. उंच पायांची, गुलाबी पंखांची, वाकड्या चोचीची. साहेबलोक त्यांना फ्लेमिंगो म्हणत, तिथले अरब फंतीर म्हणत, आपल्याकडे रोहित म्हणतात. पूर्वी हिवाळ्यात हजारांनी उतरायची, असं जुने मच्छीमार सांगत. मी आलो तेव्हा ओहोटीला नुसता काळा चिखल दिसायचा आणि त्याचा वास यायचा.

आमचा ब्रॅडवेल साहेब इंजिनियर, पण पाखरांचा वेडा. त्याच्या मुलखात एका कडाक्याच्या हिवाळ्यात नद्या गोठल्या होत्या आणि राजहंस उपाशी मेले होते. उरलेले पुन्हा किती वाढतात ते पाहायला हा गृहस्थ वही घेऊन नदीकाठानं हिंडायचा. ते वेड त्यानं इकडेही आणलं. हेड ऑफिसशी वर्षभर भांडून त्यानं एक गोष्ट पदरात पाडून घेतली. तीन हिवाळे पाखरं मोजायची, दर जानेवारीत एकदा, एकाच ओहोटीला. तिसऱ्या जानेवारीत ती हजारावर गेली तर दलदलीचा उत्तरेकडचा पट्टा त्यांना सोडायचा आणि रेती लांब वाळवंटात नेऊन टाकायची. हजार भरली नाहीत तर रेती त्याच पट्ट्यावर, आणि रेतीवर गोदामं.

मोजण्याची रीतही त्यानं राजहंसांवरूनच घेतली होती. दोन माणसं, दोन वह्या. एकमेकांशी बोलायचं नाही, दुसऱ्याच्या वहीत डोकवायचं नाही. दोन्ही आकडे जवळजवळ आले तर मोजणी खरी. आणि हजाराची अट मोजणाऱ्याला कळता कामा नये, नाहीतर डोळा आपोआप हजाराकडे धावतो, असं साहेबाचं म्हणणं. दोघांपैकी एक मी. मला ती अट ठाऊक होती, कारण पत्रं मीच टाइप करायचो. "कॅप्टनला मात्र सांगायची नाही," अशी साहेबानं ताकीद दिली होती.

हा कॅप्टन म्हणजे इद्रीसचाचा. माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. तीस वर्षं गलबतावर तांडेल होते, बाणकोट ते मुंबई, मुंबई ते मलबार. म्हातारपणी दुबईत कंपनीच्या स्टोअरवर वॉचमन म्हणून आले. साहेबानं एकदा त्यांना धक्क्यावर उभं राहून लांबच्या होडीतला माणूस न् माणूस ओळखून सांगताना ऐकलं आणि मोजणीला उचललं. वर्षातला तो एक दिवस चाचा वॉचमन नसायचे. धुतलेला सदरा, डोळ्यांत सुरमा, साहेबाच्या शेजारी लँडरोव्हरमध्ये पुढच्या सीटवर. मी मागे, पाण्याच्या डब्यांबरोबर.

त्यांची मोजायची पद्धत बघण्यासारखी होती. उजव्या खिशात शिंपले घेऊन उभे राहायचे. बोट नाही, ओठ नाही, नुसती नजर हळूहळू एका बाजूनं दुसऱ्या बाजूला सरकायची. शंभर झाली की एक शिंपला उजव्या खिशातून डाव्या खिशात. थवा हलला, उडाला, पुन्हा बसला तरी त्यांचा धागा तुटायचा नाही. शेवटी डाव्या खिशातले शिंपले चाचपायचे, क्षणभर थांबायचे आणि आकडा सांगायचे. ते थांबायचे कशासाठी, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नाही.

आता माझी वही. मला लांबचं दिसत नाही. तेव्हाही दिसत नव्हतं. कंपनीच्या डॉक्टरला फसवून नोकरीत शिरलो होतो, भिंतीवरची अक्षरं आधीच पाठ करून. चष्मा लावला असता तर बोभाटा झाला असता. पहिल्या वर्षी मी खरोखर प्रयत्न केला. दोनशेच्या पुढे सगळा गुलाबी चिखल. मग मी चाचांच्या जवळ सरकलो, त्यांनी साहेबाला हळूच सांगितलेला आकडा कान देऊन ऐकला, त्यात तीन-चार इकडेतिकडे केले आणि माझ्या वहीत लिहिले. चाचा तीनशे दहा, मी तीनशे सात. दुसऱ्या वर्षी चाचा सहाशे दहा, मी सहाशे चौदा. आकडे जुळतात म्हणून साहेब खूश. मीही खूश. माझी पगाराची मनिऑर्डर बायकोच्या, बानूच्या, हातात दर महिन्याला पडत होती, घरी दोन लहानगी होती. पाखरं मोजली काय न् मोजली नाहीत काय, कुणाचं काय जाणार होतं?

तिसरा हिवाळा १९६८चा. जानेवारीतल्या त्या सकाळी मलासुद्धा दिसत होतं की पट्टा भरलाय. चिखल दिसतच नव्हता. चाचांनी नजर फिरवली, शिंपले हलवले, थांबले आणि म्हणाले, नऊशे चाळीस. मी लिहिलं, नऊशे छत्तीस. साहेबानं दोन्ही वह्या बघितल्या आणि मिटून गाडीत टाकल्या. परतीच्या वाटेवर तो लँडरोव्हर असा चालवत होता की माझं डोकं दोनदा छताला आपटलं.

त्यानं महिनाभर हेड ऑफिसला विनवण्या केल्या. साठच कमी आहेत, एक हिवाळा आणखी द्या. तिकडून उत्तर आलं, अट म्हणजे अट. फेब्रुवारीच्या शेवटी मला सांगितलं गेलं की अखेरचं पत्र उद्या टाइप करायचं, शनिवारपासून ट्रक सुरू.

त्या संध्याकाळी देऱ्याच्या बाजारात मलबाऱ्याच्या चहाच्या दुकानात चाचा भेटले. आता सगळं संपलंय, लपवायचं काय, म्हणून मी बोललो.

"चाचा, तुमचे फंतीर खलास. थाउजंड पाहिजे होते, सिक्स्टी शॉर्ट पडले. सॅटर्डेपासून त्या पट्ट्यावर रेती."

चाचांनी कप बशीत ठेवला. "कुठले हजार?"

मी अट सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकली आणि म्हणाले, "मग आहेत की हजार. हजारावर चाळीस आहेत."

"रजिस्टरमध्ये नाइन फॉर्टी आहे. तुम्हीच बोललात."

"बोललो तेवढे. शंभराला दहा मी ठेवून बोलतो. जित्या जिवाचा पुरा आकडा तोंडातून काढायचा नसतो, कमरू. नजर लागते. गलबतावर माझे तेरा खलाशी असले तर बंदरात मी बाराच सांगायचो. तीस साल में एक आदमी पानी में नहीं गया माझा. मग ही एवढी पाखरं, आत्ता कुठं परत यायला लागलेली, त्यांची पुरी गिनती गोऱ्या साहेबाच्या कागदावर घालू?"

तळपायाची आग मस्तकाला गेली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, आणि आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. "हे काय कोंबड्यांचं खुराडं आहे? ऑफिसचं रजिस्टर आहे. तुमच्या नजरेच्या नादात सगळी वाट लावलीत." मलबारी काउंटरवरून बघत होता. चाचा माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा हळूहळू पडत गेला. ज्यांना वाचवण्यासाठी दहा-दहा करून लपवली, त्यांचंच आपल्या हातानं काय झालं, हे त्यांना तेव्हा कळत होतं. मला त्यांची दया आली नाही. मला फक्त राग आला होता, आणि तो चांगला, गरम, स्वच्छ राग होता. कारण चूक पूर्णपणे त्यांची होती.

"यल्ला, सुबह साहेबाकडे जाऊ," चाचा म्हणाले. "मी बोलतो. इन्शाल्ला ऐकेल."

सकाळी आठला आम्ही साहेबाच्या केबिनमध्ये. चाचांनी मोडक्या हिंदुस्थानीत सगळं सांगितलं, मी इंग्रजीत करून दिलं. साहेबाचे कान लाल झाले. आधी मला वाटलं चिडला, पण तो उठून उभा राहिला. त्याला आशा वाटत होती. आज पुन्हा मोजून उपयोग नव्हता, कारण फेब्रुवारीत दुसरीकडचे परतीचे थवे येऊन मिसळतात. जानेवारीचा आकडाच काय तो धरला जाणार. तो नऊशे चाळीस नसून हजार चाळीस होता, एवढंच सिद्ध व्हायला हवं होतं.

साहेब आम्हाला धक्क्यावर घेऊन गेला. पलीकडच्या काठावर सिमेंटच्या गोण्यांची थप्पी होती. "कॅप्टन, ये कितना?" चाचांनी नजर फिरवली, दोन शिंपले खिशात टाकले. "दो सौ बारा." साहेबानं स्टोअरचा कागद काढून पाहिला. दोनशे बारा.

मग त्यानं खाडीत उभ्या असलेल्या बार्जकडे बोट केलं. वर मजूर काम करत होते. "आदमी कितना?"

चाचा थांबले. ते थांबणं मी आता ओळखलं. "सत्ताईस."

साहेबानं दुर्बीण लावून एकेक माणूस मोजला, दोनदा मोजला. तीस होते. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं चाचांच्या खांद्यावर हात ठेवला. गोण्या पूर्ण, माणसं शंभराला दहा कमी. एवढा चोख पुरावा कुठल्या कोर्टात मिळाला नसता. "मी आजच तार करतो," तो मला म्हणाला. "तिन्ही वर्षांचे आकडे त्याच प्रमाणात वाढतील. थाउजंड अँड फॉर्टी, कमरुद्दीन."

आम्ही केबिनमध्ये आलो. त्यानं तारेसाठी रजिस्टर उघडलं आणि पेन उचललं. ते पेन तसंच हवेत राहिलं.

मला कळलं. त्याच्या आधी मला कळलं. खरं म्हणजे चहाच्या दुकानात, चाचांवर ओरडत असतानाच, मला ते उमगलं होतं आणि मी ते ओरडून दाबून टाकलं होतं.

"कमरुद्दीन," साहेब म्हणाला. "हा तुझा कॉलम."

"यस सर."

"कॅप्टननं शंभराला दहा ठेवली. ठीक. पण तू तर ठेवली नाहीस ना? तू वेगळं मोजत होतास. मग तुझ्या वहीत हजार चाळीस पाहिजेत. तुझ्या वहीत नऊशे छत्तीस आहेत. मागच्या वर्षी पण तसंच. त्याच्या आधी पण." त्यानं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "दोनच शक्यता आहेत. एक तर कॅप्टन आज खोटं बोलतोय, नाहीतर तू तीन वर्षं मोजलंच नाहीस. तू मोजलं नसशील तर तसं सांग. मी ते लिहून पाठवीन, मोजणी रद्द होईल, आणि त्यांना मला आणखी एक हिवाळा द्यावाच लागेल. मोजलंस का?"

इतकं सोपं करून दिलं होतं त्यानं. एक 'नो सर' म्हणायचं होतं. पट्टा वाचला असता. निदान वर्षभर, आणि पुढच्या जानेवारीत चाचांनी पूर्ण आकडा सांगितला असता तर कायमचा. माझी नोकरी गेली असती. व्हिसाही गेला असता. बाणकोटला परत, मॅट्रिक पास, डोळे अधू. मी खिडकीबाहेर बघितलं, टेबलाकडे बघितलं, चाचांकडे तेवढं बघितलं नाही.

"यस सर," मी म्हणालो. "मी मोजलं होतं."

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. पण तीस वर्षं ज्यानं माणसांच्या तोंडाकडे बघून वारा ओळखला, त्याला भाषा कशाला लागते? त्यांनी साहेबाचं बोट ज्या कॉलमवर होतं तो पाहिला, मग मला पाहिलं. आणि ते पुढे झाले.

"साहब, लड़के का गिनती सही है. मैंने झूठ बोला."

साहेबानं पेन खाली ठेवलं.

"कल इसने बताया हजार मंगता है. तो मैंने सोचा, हजार बोलेगा तो पंछी बचेगा. वो बार्ज का आदमी भी मैंने जानबूझ के कम बोला, आपको यकीन आने के वास्ते. बुड्ढा आदमी है, माफ करो."

"तू त्याला अट सांगितलीस?" साहेबानं मला विचारलं.

"यस सर." त्या सकाळी मी बोललेलं तेवढं एकच खरं.

साहेबानं रजिस्टर मिटलं. चाचांना तो पुन्हा कॅप्टन म्हणाला नाही. "वॉचमन को बोलो, ड्यूटी पे जाय," असं तो माझ्याकडे बघून म्हणाला, जणू चाचा तिथं नव्हतेच. चाचांनी सलाम केला आणि ते गेले. मग साहेबानं पत्र सांगितलं आणि मी टाइप केलं. पाखरांची संख्या ठरल्याप्रमाणे पूर्वपदावर आलेली नाही, दोन मोजणाऱ्यांचे स्वतंत्र आकडे सोबत जोडले आहेत, काम सुरू करायला हरकत नाही. स्वतंत्र आकडे. मी ते शब्द माझ्या बोटांनी बडवले आणि चूक एकही केली नाही.

बारा वाजता मी स्टोअरवर गेलो. चाचा स्टुलावर बसले होते. त्यांना बघितल्याबरोबर माझं डोकं पुन्हा फिरलं.

"कशाला खोटं बोललात?" मी म्हटलं. "कुणी सांगितलं होतं तुम्हाला?"

"तू आधी बोललास," चाचा म्हणाले. "मग परक्यासमोर मी तुला खोटा पाडू?"

"पाडायचं होतंत. साहेबानं तुमचं ऐकलं असतं. टेस्ट पास केली होती तुम्ही."

"तुला दोनशेच्या पुढं दिसत नाही, हे मला पहिल्या सालापासून ठाऊक आहे, कमरू. माझ्या कानाशी येऊन उभा राहायचास तू." ते जराही रागावलेले नव्हते. तेच मला सहन होईना. "मला वाटलं, आज तू होऊन सांगशील. तू सांगायला पाहिजे होतंस. मी कसं सांगणार? तुझ्या बापाला तोंड काय दाखवू?"

मी त्यांना वाटेल ते बोललो. तुमच्या नजरेमुळे, तुमच्या अडाणीपणामुळे, तुमच्या दहा-दहामुळे हे झालं म्हणालो. जाणारे-येणारे थांबून बघायला लागले. माझा दम संपल्यावर चाचांनी सुरईतलं पाणी ग्लासात ओतून माझ्यापुढे धरलं. मी ते घेतलं नाही.

शनिवारी सकाळी ट्रक लागले. रेतीचा ढीग स्टोअरच्या आवारात होता, म्हणून फाटक उघडायचं काम चाचांचंच. ते दर ट्रकला उठायचे, फाटक उघडायचे, ट्रक गेला की लावून घ्यायचे. असे पंधरा दिवस. त्यानंतर कुणी त्यांना मोजायला बोलावलं नाही आणि त्यांनीही पुढे कधी काही मोजल्याचं मी पाहिलं नाही. वर्षभरानं ते बाणकोटला परत गेले. ब्रॅडवेल साहेब त्यांच्या आधीच बदली मागून गेला होता. मला प्रमोशन मिळालं. मी आणखी अठरा वर्षं तिथं काढली. मुलांची शिक्षणं, घर, सगळं त्या पगारावर झालं.

बाणकोटात चाचांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नाही. मी दर सुट्टीत घाबरत घाबरत जायचो आणि दर वेळी कळायचं की अजून कुणाला माहीत नाही. माझ्या वडिलांना ते शेवटपर्यंत सांगत राहिले, तुझा मुलगा ऑफिसात फार हुशार आहे. चाचांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेलो नाही. दुबईहून निघणं जमलं नाही, असं मी घरी कळवलं. जमलं असतं.

लोक म्हणतात, इतक्या वर्षांनी मेलेल्या माणसावरचा राग सोडून दे. त्यांच्यावरचा सोडला तर तो कुणावर धरावा लागेल, हे मला नीट ठाऊक आहे. म्हणून सोडत नाही.